आधी म्हणजे कशाच्या आधी?

मॅडमकडे स्मार्टफोन होता, पण त्यात एकही ॲप नव्हतं. कुठलंही ॲप सुरू करताना 'मला मान्य आहे' असं बटण दाबावं लागतं, आणि मॅडम वाचल्याशिवाय काही मान्य करत नसत. एकदा रिक्षा मागवायच्या ॲपच्या अटी त्यांनी खरोखरच वाचायला घेतल्या. जेवणाच्या सुट्टीत, ओळीखाली स्टीलची पट्टी धरून, तीन दिवस. चौथ्या दिवशी त्या कंपनीला अकरा हरकतींचं पत्र गेलं. उत्तर आलं नाही. मग बाणेरच्या ऑफिसातून बिबवेवाडीला मॅडम दोन बस बदलूनच जात राहिल्या. मीही बिबवेवाडीतच भाड्याने राहायचे, त्यामुळे बऱ्याचदा आम्ही बरोबर असायचो. बसमध्येसुद्धा त्या 'वृद्धांसाठी राखीव' ही पाटी वाचून म्हणायच्या, "कोण ठरवणार वृद्ध? व्याख्या कुठाय?" आणि उभ्याच राहायच्या. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

आमचं काम काय ते सांगायला लागलं की लोक विषय बदलतात, म्हणून थोडक्यात सांगते. गाडीच्या काचेवर टोलचं स्टिकर असतं, दुकानात कपड्यांना टॅग असतात, लायब्ररीच्या पुस्तकात चिकटवलेले असतात. त्यात बॅटरी नसते. रीडर लांबून रेडिओने विचारतो, 'कोण आहे?' आणि टॅग आपला नंबर सांगतो. जगभरचे टॅग आणि रीडर एकमेकांना कळावेत म्हणून त्यांचं एक ठरलेलं मानक आहे. त्या मानकाप्रमाणे टॅग बनवायचा तर कुणाकुणाची पेटंट वापरावीच लागतात, दुसरा रस्ता नसतो. अशा पेटंटांना आवश्यक पेटंट म्हणतात. टॅग बनवणाऱ्याने प्रत्येक मालकाचं दार वाजवत बसू नये म्हणून मालक आपली आवश्यक पेटंट एकत्र आणतात, त्याला पूल म्हणतात. बनवणारा पूलकडून एकच परवाना घेतो आणि सुटतो.

पण आपलं पेटंट आवश्यक आहे असं प्रत्येकालाच वाटतं. म्हणून पूल चालवणारे एका त्रयस्थ वाचणाऱ्याकडे ते पाठवतात. पेटंटचे दावे, म्हणजे मालक नेमकं काय आपलं म्हणून मागतो ती वाक्यं, एका बाजूला, मानक दुसऱ्या बाजूला ठेवून शब्दाला शब्द लावत चार्ट करायचा आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं : हो किंवा नाही. आमच्या ऑफिसात हे काम मॅडम करत. मला त्यांनी शिकवलं.

त्यापूर्वी त्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या आणि जोडीला पेटंट लिहून द्यायच्या. ऑफिसात त्यांच्या वाचण्याची टिंगल चालायची, पण समोर कुणी करत नसे. मी अकोल्याची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "चार्ट झाला का?" मी म्हटलं, "करून राहिले ना, मॅडम."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "करून राहिले म्हणजे? करतेस, की करून झालं आणि आता नुसती राहिलीस? दाव्यात दोन्ही एकदम चालत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर घरचा लिंबाच्या लोणच्याचा डबा ठेवला. डब्यावर चिठ्ठी : 'मुरलेलं आहे. (मुरत राहिलेलं नाही.)'

मंडईत त्यांच्याबरोबर जाणं हा एक कार्यक्रमच असायचा. 'ताजी मेथी' म्हटलं की "कधीच्या मानाने?" हा प्रश्न ठरलेला. पालेभाजीवाली त्यांना ओळखून होती. ती आधीच ओरडायची, "बाई, काल संध्याकाळी काढलेली, आज पहाटे आलेली, आता तुमच्या हातात असलेली मेथी!" मॅडम खूश होऊन दोन जुड्या घ्यायच्या.

त्यांचं एक वाक्य मला अजून ऐकू येतं. सुरुवातीला मी एका अहवालात लिहिलं होतं, 'हा शब्द असाही वाचता येतो.' त्यांनी ती ओळ खोडली. "काय लिहिलंय ते वाच. काय वाचता येईल ते वकील वाचतात, त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळतात."

एकदा ऑफिसच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचंच पेटंट वाचायला आलं. आमचे संचालक तरुण, हुशार आणि घाबरट. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसवून घेतलं. "मॅडम, ॲक्च्युअली सत्तर टक्के तरी जुळतंय ना? आपण जरा प्रॅक्टिकल होऊ या."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घराच्या कुलपाला सत्तर टक्के जुळणारी किल्ली मी आणून देते. संध्याकाळी आत जाऊन दाखवा."

त्यांनी 'नाही' लिहिलं. तो ग्राहक गेला. संचालक महिनाभर मॅडमशी बोलले नाहीत. मॅडमच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही, पण मला त्या दिवशी वाटलं होतं की आपल्याला असं व्हायचंय. तेवढीच इच्छा मी आयुष्यात मनापासून पुरी केली.

आता काकांबद्दल सांगायला हवं.

काका कुणाच्या नात्यातले नव्हेत, मॅडमच्या तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत सहायक होते. शहरात ओढल्या गेलेल्या एका गावातले, शेतकरी घरातले, शिक्षण आयटीआयपर्यंत. नोकरी सुटल्यावर त्यांनी मार्केट यार्डात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मॅडमच्या तोंडून मी त्यांचं एवढं कौतुक ऐकलं होतं की पहिल्यांदा भेटले तेव्हा माणूस लहानखुरा निघाला म्हणून चकित झाले. पेटंट काढलेला माणूस हे त्यांच्याकडे बघून कुणालाही खोटं वाटलं असतं.

त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं. "यार्डात लिलावाला समदे एकदम वरडत्यात. कुनाचंच ऐकू येत न्हाई. त्या टॅगांचं बी तसंच व्हायचं. शंभर खोकी म्होरं आली आन् शंभर टॅग एकदम बोलले, की रीडर बहिरा. मग म्हनलं, परत्येकाला एकेक आकडा द्यावा. त्यानं आकडा उलटा मोजायचा, शून्य आला की आपलं नाव सांगायचं. तवर गप."

हे त्यांनी प्रयोगशाळेत, उरल्यासुरल्या सुट्या भागांवर करून दाखवलं होतं. मॅडमनी त्याचं पेटंट लिहून दिलं, एक रुपया न घेता. पुढे जगाचं मानक आलं, त्यात टॅगांनी असंच उलटं मोजून आपली पाळी धरायची असं ठरलं. मानक करणाऱ्यांनी काकांचं नाव ऐकलंही नसणार. पण काकांच्या दृष्टीने टोलनाक्यावरून जाणारी प्रत्येक गाडी त्यांचा आकडा मोजत होती. एकट्या माणसाच्या एका भारतीय पेटंटला कुठली कंपनी विचारते? त्यांनी पत्रं लिहिली, कुणी दाद दिली नाही. पूल ही एकच जागा होती. पूलच्या यादीत आलं असतं तर बाकीच्या सगळ्यांबरोबर त्यांचंही नाव छापलं गेलं असतं. त्यांना तेच हवं होतं. मुलगा त्यांना सरळ वेडा म्हणायचा, नातेवाइकांत 'शास्त्रज्ञ' म्हणून हसायचे. "यादी आली की भिंतीला लावीन," काका म्हणायचे. पेटंटची वीस वर्षांची मुदत संपायला दोनेक वर्षं उरली होती तेव्हा मॅडमनी त्यांचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून पूलकडे पाठवला.

भारतातली पेटंट वाचायला आमच्याकडेच येत. काकांचंही आलं.

पाकिटावरचा क्रमांक बघितल्याबरोबर मॅडम उठल्या. पाकीट न उघडता संचालकांच्या टेबलावर ठेवलं आणि सोबत लेखी दिलं की हे पेटंट मी लिहिलेलं आहे, मालक माझ्या ओळखीचे आहेत, मी हे वाचू शकत नाही. नियम तसाच होता. संचालकांनी ते माझ्याकडे दिलं. त्या दिवसापासून मॅडमनी आपली खुर्ची ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला हलवली. माझ्याबरोबर जेवणं बंद, बसही वेगळी. मी जिन्यात भेटले तर त्या भिंतीकडे बघत.

मी वाचायला बसले आणि दुसऱ्याच तासाला मला तो शब्द दिसला. दाव्यात लिहिलं होतं की टॅग 'प्री-स्टोअर्ड' आकड्यावरून उलटं मोजतो. म्हणजे आधीच साठवलेल्या. मानकात तसं नाही. तिथे रीडरने विचारल्यावर टॅग त्या क्षणी एक आकडा मनाने उचलतो, मग मोजतो. काकांच्या टॅगमध्ये मात्र आकडा बनवतानाच घातलेला होता, पेटंटच्या वर्णनात तसं स्वच्छ लिहिलं होतं. 'प्री' नसता तर प्रश्नच नव्हता. साठवलेला आकडा, मग तो कधीही साठवलेला असो, चालला असता.

हा 'प्री' कुठून आला हे मला नंतर कळलं. काका म्हणाले होते, "बाई, सैल ठिवा की जरा." मॅडम म्हणाल्या होत्या, "जे तुम्ही केलं नाही, ते मागायचं नाही." आणि त्यांनी तो शब्द घातला. पेटंट ऑफिसने मागितला नव्हता. तो त्यांच्या प्रामाणिकपणातून आला होता.

रविवारी दुपारी माझ्या खोलीची बेल वाजली. दारात मॅडम. इतक्या जवळ राहूनही त्या कधी माझ्याकडे आल्या नव्हत्या. दोन जिने चढून धाप लागली होती. आत येऊन त्या उभ्याच राहिल्या.

"मी इथे आले ही चूक आहे," त्या म्हणाल्या. "हे पहिल्यांदा सांगते."

मी खुर्ची दिली. त्या बसल्या, पाणी घेतलं, पेला हातातच ठेवला.

"आधी," त्या म्हणाल्या. "आधी साठवलेला. आधी म्हणजे कशाच्या आधी?"

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, त्या माझी परीक्षा घ्यायला आल्यात. ओळखीच्या माणसासाठी, स्वतःच्या मॅडमसाठी ही मुलगी वाकते का, हे बघायला. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

"रीडरने विचारण्याच्या आधी, मॅडम. वर्णनात लिहिलंय. टॅग बनवतानाच."

"मोजणीच्या आधी, असं नाही वाचता येणार? विचारल्यावर आकडा उचलला, साठवला, मग मोजला. मोजणीच्या आधी साठवलेलाच आहे की तो."

"वाचता येईल," मी म्हणाले आणि चक्क हसले. "पण लिहिलेलं तसं नाहीये."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्म्यामागे डोळे फार मोठे दिसत होते.

"बरोबर वाचलंस," त्या म्हणाल्या.

पेला त्यांनी मोरीत नेऊन विसळून ठेवला. कठडा धरत जिना उतरल्या. मी खिडकीतून बघितलं तर त्या समोरच्या मेडिकलसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, रस्ता ओलांडायला गर्दी असेल. रविवारची दुपार होती. रस्त्यावर एक कुत्रं झोपलं होतं, दुसरं काही नव्हतं.

सोमवारी मी 'नाही' लिहिलं. दीड पानाचं कारण दिलं. आजवर लिहिलेला सगळ्यात नेटका अहवाल होता तो.

त्यानंतर मॅडमनी खुर्ची जागेवर आणली, डबाही माझ्याबरोबर खायला लागल्या, पण त्यांच्या फायली परत येईनात. आल्या तर चार्ट पूर्ण भरलेला, शब्दाला शब्द लावलेला, आणि शेवटचा रकाना कोरा. संचालकांनी दोनदा परत पाठवल्या. तिसऱ्यांदा ते स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. "मॅडम, काहीतरी लिहा ना. हो किंवा नाही. नाही लिहिलंत तरी चालेल मला."

"वाचता येतंय," मॅडम म्हणाल्या. "ठरवता येत नाहीये."

महिनाअखेर त्यांनी काम सोडलं. निरोपाला केक आणला होता, सगळ्यांनी दोन-दोन ओळी लिहिलेलं मोठं कार्ड होतं. मॅडमनी कार्ड घेतलं, न वाचता पिशवीत टाकलं आणि "थँक यू" म्हणाल्या. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तरीही त्या रविवारी त्या का आल्या होत्या हे मला उमगलं नव्हतंच. ते कळायला पूलची पुढची यादी यावी लागली.

नव्या यादीतली पेटंट बघून ठेवणं हा आमच्या कामाचा भाग असतो. त्यात परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचं एक होतं. टॅग, आकडा, उलटी मोजणी, आणि तोच शब्द. प्री-स्टोअर्ड. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कुणी वाचलं होतं आणि 'हो' लिहिलं होतं. कारण एका ओळीचं : मोजणी सुरू होण्याच्या आधी आकडा साठवलेला असतो, म्हणून.

मी ती ओळ किती वेळा वाचली कुणास ठाऊक. माझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसून मॅडमनी हेच वाक्य म्हटलं होतं. त्या परीक्षा घ्यायला आल्या नव्हत्या. आयुष्यभरात पहिल्यांदा काहीतरी मागायला आल्या होत्या, आणि मी हसले होते.

प्रिंट घेऊन मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्या बारीक झाल्या होत्या. घरात टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्यांनी पान हातात घेऊन वाचलं, ओळीखाली पट्टी न धरता.

"तो माणूस चुकलेला नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी चुकले."

"तूही नाही."

"मग काय, मॅडम?"

त्या पानाकडेच बघत होत्या. मी म्हणाले, आपण फेरविचाराचा अर्ज करू, हे पान जोडू, मी स्वतः लिहिते.

"मुदत कधी संपते त्यांची?"

मला माहीत होतं. चार महिन्यांनी. फेरविचाराला त्याच्या दुप्पट लागतात. मुदत संपलेलं पेटंट पूल घेत नाही.

"त्यांना हे दाखवू नकोस," मॅडम म्हणाल्या आणि पान चार घड्या करून मला परत दिलं.

मुदत संपली. मॅडम त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेल्या, हॉस्पिटलात दोन दिवस होत्या. भाच्याने सगळं केलं. स्मशानात आम्ही ऑफिसातले सहाजण, त्यांचे दोन-चार जुने विद्यार्थी. काका कुठे दिसले नाहीत. त्यांना कुणी कळवलं नसेल असं वाटून आठवड्याने मी मार्केट यार्डात गेले.

दुकानात काटे उघडून ठेवलेले होते. काकांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"मॅडम गेल्या, काका."

"कळलं मला."

"तुम्ही आला नाहीत."

त्यांनी काट्याच्या आतली तार बोटाने बाजूला केली. "न्हाई आलो."

चहा आला. मग काका आपणच सांगायला लागले.

"निकाल आला त्याच्या दुसऱ्या दिशी बाई हितं आल्या व्हत्या. ह्याच स्टुलावर बसल्या. म्हनल्या, तुमचा कागद मीच वाचला, मीच न्हाई म्हनून लिवलं. दुसऱ्या कुनाला बोल लावू नका." त्यांनी तार जागेवर बसवली. "म्या म्हनलं, बाई, आता परत हितं येऊ नका. त्या उठल्या, गेल्या. परत न्हाई आल्या."

मी कप खाली ठेवला.

पेटंट वाचणाऱ्याचं नाव मालकाला कधी सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. मी त्यावर सही केली आहे. त्या क्षणी हा नियम मला इतका उपयोगी वाटला की त्याची अजून लाज वाटते. खोटं म्हणून कधी एक अक्षर न लिहिलेल्या बाईने माझ्यासाठी एवढं मोठं खोटं त्या स्टुलावर बसून सांगितलं, आणि पस्तीस वर्षांची ओळख तिथेच टाकून त्या घरी गेल्या. त्यानंतर सुमारे दीड वर्ष त्या जगल्या. मी त्यांच्याकडे जाऊन आले, त्यांनी मला अवाक्षर सांगितलं नाही.

"तुमी त्यांच्याच हापिसातल्या ना?" काका विचारत होते. "तुमाला ठावं असंल. लिवताना काय वाटलं असंल हो त्यास्नी?"

मला सोमवारची सकाळ आठवली. खिडकीपाशी ऊन होतं. मी कारणातला एक स्वल्पविराम काढला होता, पुन्हा घातला होता, आणि मला फार छान वाटत होतं.

"वाईट वाटलं असेल, काका," मी म्हणाले. "खूप वाईट."

"वाटायलाच पायजे," काका म्हणाले आणि स्क्रू घट्ट करायला लागले.

त्यानंतर मी दोनदा तिथे गेले. दोन्ही वेळा खरं सांगायचं ठरवून गेले होते. दोन्ही वेळा मॅडमचं नाव निघाल्याबरोबर काकांनी विषय बदलला, आणि मी तो बदलू दिला.